शब्दचर्चा : नवा प्रशिक्षक येणार ‘म्हणे’. अफवा, अटकळ की कुणकुण?

मूळ प्रश्न

लिव्हरपूल या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबने 2024 साली प्रशिक्षक बदलला, त्यावर मराठीत लेख लिहितो आहे. युर्गन क्लॉप यांनी 26 जानेवारीला हंगामाअखेर क्लब सोडत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्या जागी आर्ने स्लॉट यांचं नाव क्लबने अधिकृतपणे सांगितलं ते 20 मे रोजी. मधले जवळपास चार महिने नुसती नावं येत-जात होती. पहिला खर्डा वाचून पाहिला, तर ‘अफवा’ हा एकच शब्द 14 वेळा आलाय. शाबी अलोन्सो येणार ही अफवा, रुबेन अमोरिम येणार ही अफवा, स्लॉट येणार हीसुद्धा अफवाच. पण तिसरी खरी निघाली! खऱ्या ठरलेल्या बातमीला अफवा म्हणायचं का? आणि नसेल, तर काय म्हणायचं?

नाशिकहून

‘अफवा’ मूळचा अरबी. तिथे ‘अफवाह’ म्हणजे तोंडं, अनेकवचनात. तोंडातोंडी झालेली गोष्ट, एवढंच. खरं-खोटं हा मुद्दा मुळात नाही. मराठीत मात्र ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हे आपण इतक्यांदा ऐकलंय की शब्दाला खोटेपणा कायमचा चिकटला. आज वाचक ‘अफवा’ वाचतो तेव्हा ‘खोटं’ असंच समजतो. म्हणून स्लॉटसाठी हा शब्द नको.

माझ्या मते अलोन्सोसाठीही नको. ते 2004 ते 2009 लिव्हरपूलकडून खेळले, 2005 ची चॅम्पियन्स लीग ही युरोपातली क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या संघात होते, आणि 2024 च्या त्या हंगामात ते प्रशिक्षक असलेलं लेव्हरकूझेन जर्मनीत कुणाला हरत नव्हतं. क्लॉप जाणार म्हटल्यावर त्यांचं नाव कुणी पिकवावं लागलं नाही, दोन आणि दोन चार करून लोकांनीच काढलं. याला ‘अटकळ’ म्हणतात. अटकळ बांधतात, अफवा पसरते. क्रियापदातच फरक आहे: बांधणाऱ्याकडे काहीतरी सामान असतं. 29 मार्चला अलोन्सोंनी लेव्हरकूझेनमध्येच राहणार असं सांगितलं, तेव्हा अटकळ चुकली. अफवा खोटी ठरली, असं मी नाही लिहिणार.

पणजीहून

एवढे शब्द शोधताना आपण सगळ्यात साधा विसरतो आहोत: ‘म्हणे’. ‘अलोन्सो येणार’ आणि ‘अलोन्सो येणार म्हणे’ यांत बोलणाऱ्याची जबाबदारी पूर्ण बदलते. दोन अक्षरांत आपण सांगून टाकतो की हे माझं नाही, कानावर आलेलं आहे. छापील मराठीत त्याचेच सुटाबुटातले भाऊ आहेत: ‘समजते’, ‘कळते’, ‘बोलले जाते’. पण त्यांतही पायऱ्या आहेत. ‘समजते’ लिहिणाऱ्या बातमीदाराला कुणीतरी सांगितलेलं असतं. ‘बोलले जाते’ला बोलणारा कोण, ते कुणालाच ठाऊक नसतं. लेखात या दोन्हींची सरमिसळ करू नका, ही कळकळीची विनंती. वाचकाला बातमीचा कस त्या शेवटच्या शब्दावरूनच लागतो.

कोल्हापूरहून

आमच्याकडे पेठेपेठेत, तालमीतालमीत फुटबॉल. यंदा कोण खेळाडू कुठल्या संघातून उतरणार, हा विषय हंगामाआधी चहाच्या टपरीवर दिवसभर चालतो. तिथे ‘अफवा’ हा शब्द क्वचित ऐकू येतो. ऐकू येतात ते हे:

‘कुणकुण’ लागते. आत काहीतरी शिजतंय आणि त्याचा वास बाहेर आलाय. कुणकुणीत सत्याचा अंश गृहीत असतो. स्लॉट यांच्याबाबत एप्रिलच्या उत्तरार्धात जे झालं ते हे.

‘वावडी’ उठते किंवा उठवली जाते. वावडी म्हणजे कागदी पतंग. तो आपोआप चढत नाही, खाली दोरी धरणारा असतो. कुणीतरी मुद्दाम किंवा मजेखातर सोडलेली बातमी ती वावडी.

‘कंडी’ पिकवतात. हिच्यात हेतू जास्त उघड, आणि चांगला नसतो.

आणि ‘हूल’. हा शब्द मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो मैदानातलाच आहे. डावीकडे हूल दिली आणि उजवीकडून चेंडू काढला. एखाद्या प्रशिक्षकाचा करार वाढवायचा असतो, तेव्हा त्याचा एजंट दुसऱ्या मोठ्या क्लबचं नाव हळूच बाहेर सोडतो, म्हणजे सध्याचा क्लब घाबरून पगार वाढवेल. ही अफवा नाही, अटकळ नाही, ही हूल. खेळाडू पायाने देतो, एजंट बातमीने देतो.

मूळ प्रश्नकर्ता

कोल्हापूरकर, ‘हूल’ थेट लेखात घेतोय. अमोरिम यांचं प्रकरण आता कुठे बसवू? पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबचे प्रशिक्षक असतानाच ते एप्रिलमध्ये वेस्ट हॅम या दुसऱ्या इंग्लिश क्लबशी बोलायला लंडनला जाऊन आले, आणि नंतर त्या प्रवासाबद्दल त्यांनी चूक झाली म्हणून माफीही मागितली.

नाशिकहून

मग तिथे ‘बोलणी’. माणूस विमानात बसला, समोरासमोर बसला, म्हणजे गोष्ट ऐकीव राहिली नाही. बोलणी होतात, चालतात, फिसकटतात. लग्नाच्या बैठकीतला शब्द आहे, म्हणून दोन्ही बाजूंची घासाघीस आणि मान-अपमान त्यात आपसूक येतात. ‘वाटाघाटी’ मला तहाच्या मसुद्यासारखा वाटतो. दोन क्लबांमध्ये नुकसानभरपाईची रक्कम ठरत असेल, तिथे तो ठीक.

मूळ प्रश्नकर्ता

पटलं. खरा पेच शेवटच्या चार दिवसांचा आहे. 17 मे रोजी स्लॉट यांनी स्वतःच पत्रकारांना सांगितलं की पुढच्या हंगामात आपण लिव्हरपूलला असू. 19 तारखेला शेवटच्या सामन्यानंतर क्लॉप यांनी अ‍ॅनफिल्डच्या मैदानात माइक हातात घेऊन स्लॉट यांच्या नावाचा गजर प्रेक्षकांकडून म्हणवून घेतला. जाणाऱ्याने येणाऱ्याचं नाव गायचं, हे मी तरी पहिल्यांदा पाहिलं, आणि अजून ते आठवलं की भरून येतं. पण क्लबचं निवेदन 20 तारखेचं. या मधल्या अवस्थेला शब्द काय?

पणजीहून

‘ठरलं’. बातमी ठरलेली आहे, जाहीर व्हायची आहे. फाब्रिझियो रोमानो हे इटालियन पत्रकार बदलीची पक्की खबर देताना ‘हिअर वी गो’ म्हणतात, त्यालाही मराठीत मी ‘ठरलं!’ एवढंच म्हणेन. ‘सुपारी फुटली’ सुचला होता, अर्थ नेमका बसतो, पण आजच्या वाचकाच्या डोक्यात सुपारीचा दुसराच अर्थ आधी येईल.

20 मेच्या निवेदनाला ‘शिक्कामोर्तब’. शिवकालीन पत्रात वर शिक्का आणि मजकूर संपला की तळाशी मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ असं कोरलेलं होतं, म्हणजे इथे मजकुराची हद्द झाली, यापुढे कुणी भर घालू नये. क्लबचं निवेदन नेमकं तेच काम करतं.

लंडनहून

एक सूचना. लेखात क्लॉप आणि स्लॉट दोघांनाही ‘व्यवस्थापक’ लिहू नका. क्लॉप यांचं पद मॅनेजरचं होतं. स्लॉट यांना क्लबने मुद्दाम हेड कोच नेमलं, खेळाडूंची खरेदी-विक्री मुख्यतः क्रीडा संचालकांकडे ठेवून. मँचेस्टर युनायटेडनेही त्याच वर्षी टेन हाख यांच्या जागी अमोरिम यांना आणलं ते हेड कोच म्हणूनच. शिवाय मराठी वाचकाला ‘संघ व्यवस्थापक’ म्हटलं की क्रिकेटच्या दौऱ्यावर हॉटेल, बस, सामान पाहणारा माणूस आठवतो. क्लॉप यांना ‘मॅनेजर’च ठेवा, स्लॉट यांना ‘मुख्य प्रशिक्षक’.

सोलापूरहून

विषय क्लबचा आहे, पण आपल्या राष्ट्रीय संघाचं एक उदाहरण टाकतो, कारण वरचा एकही शब्द तिथे चालत नाही. 2025 च्या जुलैमध्ये भारताच्या प्रशिक्षकपदासाठी स्पेनचे माजी खेळाडू शावी यांचा अर्ज आल्याची बातमी झळकली. मग अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खुलासा केला, की शावी आणि स्पेनचेच नामवंत प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला यांच्या नावाने आलेले ईमेल खरे नव्हते. 1 ऑगस्टला खालिद जमील यांची निवड झाली. आता पाहा, बातमी तोंडातोंडी पसरलेली नव्हती, अर्ज प्रत्यक्ष आलेला होता. फक्त माणूस तो नव्हता. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक जण उभा राहिला, त्याला आपण जे म्हणतो तेच इथे म्हणावं: ‘तोतया’. तोतया अर्ज.

मूळ प्रश्नकर्ता

सुधारलेला परिच्छेद असा:

‘क्लॉप जाणार हे कळताच अलोन्सो येतील अशी अटकळ बांधली गेली. 29 मार्चला ती चुकली. मग अमोरिम यांचं नाव पुढे आलं. स्लॉट यांची कुणकुण एप्रिलच्या उत्तरार्धात लागली, त्या महिन्याच्या 25 तारखेला खुद्द त्यांनीच लिव्हरपूलला जायची इच्छा बोलून दाखवली. 17 मे रोजी ठरल्याचं त्यांच्याच तोंडून कळलं, 20 मे रोजी शिक्कामोर्तब झालं.’

14 पैकी एकही ‘अफवा’ उरली नाही.

कोल्हापूरहून

छान. फक्त ‘अटकळ बांधली गेली’ नको, ‘लोकांनी अटकळ बांधली’ करा. बांधणारे कोण होते ते माहीत आहे आपल्याला.