पिठाच्या वाघिणीला हवा हवीच का?

रूळबाज: धान्य, साखर, पीठ, सगळ्याला एकच साधी हॉपर वाघीण, म्हणजे मालगाडीचा निमुळत्या तळाचा डबा, पुरे, असं माझं मत. वरची झाकणं उघडून भरायची, खाली निमुळत्या तळाचं सरकदार उघडलं की माल आपल्या वजनाने रुळांमधल्या खड्ड्यात. ब्लोअर, पाइप, व्हॉल्व्ह ही विकतची डोकेदुखी. अमेरिकेत सदर्न रेल्वेने 1961 मध्ये 'बिग जॉन' ही ॲल्युमिनियमची 100 टनी हॉपर आणली. त्याआधी तिथला गहू बहुतेक बंद डब्यांतून जायचा, दाराला आतून फळ्या ठोकून, आणि उतरवताना फावडी!

चाळणी: गव्हाचं मान्य. पीठ मात्र दाराच्या वर कमान धरून बसतं. दार सताड उघडं, खाली चिमूटभर नाही. नाहीतर मधोमध बिळासारखं भोक पडतं आणि कडेचं पीठ पत्र्याला चिकटलेलं. मग बाहेरून घण. जुन्या वाघिणींच्या उतरत्या पत्र्यावरचे पोचे पाहिलेत कधी? देवीचे व्रण वाटतात. 1950 च्या दशकात एअरस्लाइड वाघिणी आल्या त्या याच कटकटीपायी. तळाला उतारावर कापड, कापडाखालून हलक्या दाबाची हवा. पीठ अक्षरशः पाण्यासारखं वाहतं.

रूळबाज: व्हायब्रेटर लावा की.

चाळणी: डब्यात जास्त पीठ मावावं म्हणून आपण डबा आपटतो ना? तेच होतं. आणखी घट्ट बसतं.

गोडघाशा: साखरेपुरता मी रूळबाजांच्या बाजूने. पाइपातून वेगाने फुंकली की दाणे फुटतात, भुकटी होते. अर्थात दमट हवा आत गेली तर गुठळ्या होतात, मग दोघेही हरले.

धूळवैरी: खड्ड्यात माल पडताना उडणाऱ्या धुळीचं काय? वेस्टवेगो, लुइझियाना, 22 डिसेंबर 1977: धान्याच्या कोठारात धुळीचा स्फोट, 36 माणसं गेली. दाबाच्या वाघिणीत टाकीत चौरस इंचाला 15 पौंडांच्या आसपास दाब देऊन माल बंद पाइपातून थेट सायलोत, म्हणजे उंच बंद कोठीत, जातो. पाऊस नाही, पक्षी नाहीत.

रूळबाज: आणि पाइपात पीठ घासून स्थिर वीज तयार होते ती? स्फोटाला ठिणगी पुरते.

धूळवैरी: म्हणून तर पाइप जोडायच्या आधी अर्थिंगची क्लिप. तेवढा आळस करणाऱ्याने खड्ड्याजवळही जाऊ नये.

रूळबाज: बरं, पीठ सोडलं तुम्हाला. गहू, मका, साखर माझी.

चाळणी: स्टार्च?

रूळबाज: न्या तोही.