भाचीसाठी कॅनडातलं कॉलेज

ताई, भाचीला ओंटारिओत डिजिटल मार्केटिंग करू द्यावं की डेंटल असिस्टिंग, असं विचारलंत. मी इथेच डेंटल असिस्टंट आहे, म्हणून लिहिते.

आधी शिक्षणानंतर इथे नोकरी करू देणाऱ्या वर्क परमिटचं बघा. १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्यांना कॉलेजच्या डिप्लोम्यावर हे परमिट मिळायला विषयाची अट आहे, विषय सरकारच्या यादीत हवा. डेंटल असिस्टिंग आरोग्याच्या यादीत आलं, डिजिटल मार्केटिंग नाही. आणि खासगी करिअर कॉलेज असेल तर विषय कोणताही असो, शिक्षणानंतरचं परमिट मिळतच नाही. एजंट हे मुद्दाम सांगत नाहीत, फार संताप येतो. कोर्स वर्षाचा असेल तर परमिटही साधारण तेवढंच, हेही धरून चाला. यादी बदलते; कॉलेजकडून कोर्सचा कोड (विषयाचा सरकारी क्रमांक) लेखी घ्या आणि सरकारी संकेतस्थळावर ताडून बघा.

कामाचं म्हणाल तर दिवसभर उभं राहायचं, एका हातात लाळ ओढून घेणारी सक्शनची नळी, दुसऱ्या हाताने डॉक्टरांना हत्यार द्यायचं, त्यांची नजर रुग्णाच्या तोंडावरून हलता कामा नये. मधल्या वेळात हत्यारांचे ट्रे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात. रुग्णाच्या तोंडात स्वतः काम करायचं तर लेव्हल टू, म्हणजे वरच्या पातळीचं शिक्षण, आणि डेंटल असिस्टंटच्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाचं प्रमाणपत्र लागतं.

तिला रक्त-लाळेची किळस नसेल तर जरूर पाठवा. मार्केटिंगचीच ओढ असेल तर ते पुण्यात राहूनही उत्तम शिकता येईल, त्यासाठी कर्ज काढू नका.