मदत हवी आहे: आईला घेऊन हॅवलॉकला, राधानगर किनारा की विजयनगर किनारा?
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहाजण अंदमानला निघालोय. आई-बाबा, आम्ही दोघं, नऊ आणि चार वर्षांची पोरं. पोर्ट ब्लेअरचं, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमचं, ठरलंय. सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी बघायचीच, हा बाबांचा हट्ट. अडलंय ते हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपच्या, तीन रात्रींवर.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर चालते, पण भुसभुशीत वाळूत पाय रुतला की माझा दंड घट्ट धरते. गेल्या महिन्यात गुहागरला पाहिलं. राधानगरला सूर्यास्त झकास, पोरांना डुंबायलाही बरं, पण जेटीपासून लांब. विजयनगरला ओहोटीला पाणी पार मागे जातं नि खडक उघडे पडतात. मग पोरं खेळणार कुठे? पायऱ्या न उतरता व्हरांड्यातून समुद्र दिसेल अशी खोली कुठल्या बाजूला मिळेल?

दुसरं, आईला बोट लागते. गोळीचं डॉक्टरांना विचारेन. फेरीबोटीत पुढे बसवू की मागे, एवढं सांगा.

आणि हो, आई मासे खात नाही. तिथे साधा वरणभात मिळतो का हो? नाहीतर मेतकुटाची पुडी घेतेच बरोबर.