मदत हवी आहे: पर्यावरणपूरक रंग घ्यायचा आहे, पण डब्यावरच्या शब्दांवर किती विसंबायचं?

नमस्कार मंडळी,

जुनं दुमजली घर रंगवायला काढलंय. आईला दमा आहे. मागच्या खेपेला दारं-खिडक्यांना ऑइलपेंट दिला तेव्हा तिला आठवडाभर दुसरीकडे हलवलं होतं, तरी परत आल्यावर खोकला सुरू झालाच. त्यामुळे यंदा तसला रंग घरात नको, हे पक्कं. ब्रश धुतलेलं पाणी शेवटी जातं कुठे, हा किडाही डोक्यात आहे.

वाचायला बसलो आणि गोंधळ वाढला. एका डब्यावर हिरवं पान, दुसऱ्यावर 'नैसर्गिक', तिसऱ्यावर 'झीरो व्हीओसी'. व्हीओसी म्हणजे रंग वाळताना हवेत उडणारी सेंद्रिय रसायनं, इतपत कळलं. युरोपात आतल्या भिंतींच्या पाण्यातल्या मॅट रंगाला २०१० पासून लिटरला ३० ग्रॅमची मर्यादा आहे, हेही वाचलं. पण त्या 'झीरो'च्या माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरांत: 'छटा न मिसळलेल्या बेसकरिता'. मग आम्ही निवडलेली गडद निळी छटा यंत्रात मिसळून घेतली की शून्य शून्यच राहतं का?

रंगारी म्हणतो, "वास नाही ना, मग झालं की." मला सरळ चुना द्यावासा वाटतोय. खाली एका भिंतीला गुडघ्याएवढी ओल चढते, पोपडे निघतात. कुणी चुना किंवा सिलिकेट रंग वापरलाय का?

प्रतिसाद १:
डब्याआधी भिंत बघा. पाणी शिंपडा. भिंतीने पिऊन टाकलं तर चुना आणि सिलिकेट दोन्ही धरतील. थेंब ओघळले तर वर ऑइलपेंटचा नाहीतर इमल्शनचा पापुद्रा आहे, त्यावर दिलेला चुना पापुद्र्यासकट खाली येईल. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगडासारखा घट्ट होतो, त्यासाठी त्याला भिंतीत शिरायला वाव लागतो. सिलिकेट रंगातलं पोटॅशियम सिलिकेट गिलाव्याशीच जोडलं जातं. काइम नावाच्या जर्मन गृहस्थाने १८७८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. हे दोन्ही रंग भिंतीतली वाफ कोंडत नाहीत, आणि अल्कधर्मी असल्याने बुरशीही सहसा धरत नाही. देताना डोळे मात्र जपा, चुना डोळ्यात गेला तर भाजतं. आणि चुन्याच्या भिंतीला टेकलात की पाठ पांढरी, हे आधीच सांगून ठेवतो.

छटेबद्दलची शंका रास्त आहे. छटा आणायला मिसळतात त्या काही रंगपेस्टमध्ये ग्लायकॉल असतं, तेही व्हीओसीच, आणि गडद छटेला पेस्ट जास्त लागते. पेस्टचंही माहितीपत्रक मागा. वासावर तर जाऊच नका. डबा नासू नये म्हणून आयसोथायाझोलिनोन जातीची परिरक्षकं घालतात. ती रंग वाळल्यावरही काही आठवडे हवेत येत राहतात, नाकाला कळतही नाहीत, पण ज्यांना त्यांची ॲलर्जी आहे त्यांना त्रास देतात.

प्रतिसाद २:
+१. 'नैसर्गिक' शब्दालाही भुलू नका. टर्पेंटाइन झाडाच्या डिंकातून येतं, तरी ते व्हीओसीच. दम्याला ते झाडाचं आहे की कारखान्यातलं, याच्याशी काय देणंघेणं! दारांना जवसाच्या तेलाचा रंग देणार असाल तर तेलाने माखलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात. पाण्यात भिजवा किंवा मोकळ्यावर पसरून वाळवा.

धागाकर्ता:
पाणी शिंपडलं. वरच्या मजल्यावर भिंतीने क्षणात पिऊन टाकलं, खालच्या मजल्यावर थेंब पार फरशीपर्यंत ओघळले. तिथे कापसाला स्पिरिट लावून घासलं तर कापूस पांढराच राहिला, इमल्शन असतं तर रंग उतरला असता, म्हणजे तिथे ऑइलपेंटच दिसतोय. पटाशीने नखाएवढा तुकडा उडवला. वरून क्रीम, मग पिस्ता, मग गडद हिरवा आणि तळाशी चुना. उद्या रंगारी मशीनने घासून सगळं काढणार आहे.

प्रतिसाद १:
थांबवा त्याला! जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि कोरडं घासलं की त्याची धूळ घरभर होते. जागतिक आरोग्य संघटना नव्या रंगासाठी शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा सुचवते, जुन्या थरांत याच्या कितीतरी पट शिसं सापडतं. सगळे थर असलेला तुकडा प्रयोगशाळेत द्या. शिसं तपासायच्या घरगुती किटवर फार विसंबू नका, तळाचा थर त्यातून निसटतो.

आणि ओल. ती येते कुठून, नळ गळतोय की जमिनीतून चढतेय, ते आधी शोधा. दर वर्षी पोपडे काढून पुन्हा रंगवायची वेळ आली तर डब्यावरच्या हिरव्या पानाला काय अर्थ?

धागाकर्ता:
मशीन परत पाठवलं. रंगारी वैतागलाय. तुकडा पाकिटात घालून ठेवलाय, उद्या देतो. वरच्या मजल्याला चुना ठरला, तेवढ्यासाठी आईची खोली वर हलवतोय. निळी छटा मात्र रद्द, कारण चुन्यात गडद रंग फिकटच वाळतो असं कळलं. खालच्या भिंतीला ओलीचं कारण सापडेपर्यंत काहीच लावत नाही. अहवाल आला की इथे टाकतो.