१:२४ जीपवर जांबोटी भागातली लाल धूळ कशी बसवावी?

खानापूरवाला (प्रश्न)

नमस्कार. मी १:२४ प्रमाणातील एका उघड्या जीपचे प्लास्टिक मॉडेल पूर्ण करत आणले आहे. ॲक्रिलिक रंगाचे काम झाले आहे. उन्हाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या कच्च्या वाटांवरून फिरून आलेली जीप जशी लाल फुफाट्याने माखलेली असते, तशी ती दिसावी अशी इच्छा आहे. आमच्या परसातली मातीच वापरावी की बाजारातील पिगमेंटची पूड घ्यावी? चहाच्या गाळणीतून गाळलेली मातीही या प्रमाणात खडीसारखी दिसते. शिवाय वरून वार्निश मारले की धूळ दिसेनाशी होते, असे पुष्कळांकडून ऐकले आहे. जाणकारांनी सविस्तर सांगावे.

निपाणीकर काका

माती अवश्य वापरावी, परंतु आधी कणांचा हिशेब करावा. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण १:२४ प्रमाणात १२ मिलिमीटरचा ठरतो, म्हणजे आपण म्हणता तशी ती खडीच झाली. गाळणीने हे काम होत नाही. त्यासाठी माती पाण्यात निवळून घ्यावी लागते.

काचेच्या बरणीत साधारण १० सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी घेऊन त्यात माती चांगली ढवळावी आणि अर्धा मिनिट थांबावे. एवढ्या वेळात ०.०६ मिलिमीटरहून मोठे बहुतेक कण तळाशी बसतात. वरचे गढूळ पाणी दुसऱ्या बरणीत ओतून पुन्हा ढवळावे आणि या वेळी पाच मिनिटे थांबावे. आता ०.०२ मिलिमीटरपर्यंतचे कण खाली जातात आणि वर तरंगत राहते ती खरी धूळ. ते पाणी पसरट थाळीत ओतून उन्हात आटू द्यावे. तळाशी उरलेली लाल खपली कडक असते. ती खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करावी. पहिल्या बरणीतला गाळही टाकून देऊ नये, कारण मॉडेलखालच्या पाटावर रस्ता करायला तो उपयोगी पडतो; फक्त त्यातला पालापाचोळा काढून तो मंद आचेवर भाजून घ्यावा, म्हणजे पुढे बुरशी येत नाही.

रंगाबाबत एक सांगतो. आपल्या जांभ्याच्या मातीचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे असतो आणि लहान वस्तूवर तो फार भडक दिसतो. गाडीवर बसलेली सुकी धूळ प्रत्यक्षात जमिनीपेक्षा फिकट असते. त्यामुळे या पुडीत फिकट बदामी रंगाचा सॉफ्ट पेस्टल खडू ब्लेडने खरवडून मिसळावा. खडूचे प्रमाण किती असावे हे टाकाऊ पत्र्यावर पाहून ठरवावे.

पूड चकचकीत रंगावर धरत नाही, म्हणून आधी मॅट वार्निशचा हात द्यावा आणि ते पूर्ण सुकू द्यावे. मग मऊ ब्रशने पूड लावून, व्हाइट स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनसारख्या द्रवात) बुडवलेल्या ब्रशचे टोक कडेला नुसते टेकवावे. द्रव आपोआप पुडीत पसरतो; ब्रश फिरवला तर पट्टे उठतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आपण टाळावे, कारण ते ॲक्रिलिक रंग सोडवते. ओले असताना सगळे गडद दिसेल, त्याने घाबरून आणखी पूड घालू नये. सुकल्यावर रंग वर येतो.

अथणीकर

काकांनी मातीचे सांगितले, मी जागेचे सांगतो. धूळ सगळीकडे सारखी लावली की गाडी धुळीची न दिसता लाल रंगाची दिसते. चाके जिथे माती फेकतात तिथे, म्हणजे चाकांच्या मागच्या बाजूला आणि पायदानाच्या खाली, थर जाड हवा. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होऊन धुरळा तिकडे ओढला जातो, त्यामुळे जीपचा मागचा पत्रा पुढच्यापेक्षा पुष्कळ जास्त माखतो. बोनेटच्या बिजागऱ्या आणि पत्र्याचे सांधे इथे धूळ साचते. याउलट स्टिअरिंग, सीटची बैठक आणि चढताना हात धरतो ती दांडी पुसल्यासारखी स्वच्छ असते. टायरच्या बाजू धुळकट, पण रस्त्याला टेकणारा भाग त्यामानाने काळा ठेवावा. काचेवर वायपरच्या फेऱ्याएवढा मास्किंग टेपचा पंखा कापून चिकटवावा आणि धूळ बसवून झाल्यावर तो उचलावा. एवढ्या एका गोष्टीने गाडी चालती वाटते.

पावसाळी गाडी करायची असेल तर आमच्याकडची काळी रेगड थेट लावू नये. ती पाण्याने फुगते आणि सुकताना आकसते, म्हणून जाड थराला तडे जाऊन तो कवचासारखा सुटतो. त्यापेक्षा काळपट पिगमेंट, भाजलेली बारीक वाळू आणि पाणी घातलेला फेविकॉल यांचे मिश्रण पातळ थरांत चढवावे. शिंतोड्यांसाठी तेच मिश्रण आणखी पातळ करून टूथब्रशच्या केसांवरून बोट ओढावे. जुने सुकलेले फिकट शिंतोडे आधी, ताजे गडद नंतर. आणि ओलसर चिखल दाखवायचा असेल तिथेच थेंबभर ग्लॉस वार्निश.

खानापूरवाला

काका, अथणीकर, दोघांचे मनापासून आभार. निवळलेली माती आजच थाळीत वाळत घातली आहे. फक्त वार्निशची शंका उरली: शेवटी स्प्रे मारावा की नाही?

निपाणीकर काका

थरांच्या मध्ये मारावा, शेवटी नाही. वार्निश पुडीच्या कणांमधल्या फटी भरते, त्यामुळे फिकटपणा जातो आणि निम्मी धूळ नाहीशी झाल्यासारखी वाटते. म्हणून पहिला थर जरा सढळ हाताने लावून त्यावर लांबून मॅट वार्निशचा हलका फवारा द्यावा, आणि वरचा शेवटचा पातळ थर फक्त व्हाइट स्पिरिटवर बसवून तसाच सोडावा. तो बोटाने पुसला जातो, तेव्हा मॉडेल काचेच्या पेटीत ठेवावे आणि उचलताना खालच्या पाटाला धरावे. फवारणी पाऊस लागण्यापूर्वी उरकून घ्यावी. खानापूर भागातल्या जून-जुलैच्या दमट हवेत लॅकर वार्निशवर पांढरट साय धरते आणि ती लाल धुळीवर लगेच डोळ्यांत भरते.