अजिंठ्याला चौकटी नकोत

अजिंठ्याच्या लेण्यांतली भित्तिचित्रं संगणकावर दाखवण्यासाठी पांढऱ्या भिंतींचं आभासी दालन करून ती एकेका चौकटीत लावावीत, अशी एक सूचना आहे; ती मला पटत नाही. लघुचित्रांना ते शोभेल. पण १७ व्या लेण्यातली सिंहल या व्यापाऱ्याची कथा किंवा पहिल्या लेण्यातली महाजनक राजाची कथा चौकटीत रंगवलेलीच नाही. एक प्रसंग दुसऱ्यात मिसळतो, मध्येच एखादं दार किंवा झाड येतं आणि गोष्ट पुढे सरकते. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बोधिसत्त्वही एकटा नाही! गाभाऱ्याकडे जाताना डावीकडे तो, उजवीकडे वज्रपाणी, आत बुद्ध. त्याला तिथून उचललं तर अर्धा अर्थ गेलाच. म्हणून आधी लेण्याचं त्रिमितीय मॉडेल हवं, चित्रं त्याच्या भिंतींवरच.

त्यावर जुन्या प्रतिकृतींचा थर देता आला तर फारच मोलाचं काम होईल. एकोणिसाव्या शतकात ही चित्रं उतरवून घेणाऱ्या ब्रिटिश अधिकारी रॉबर्ट गिलच्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतींपैकीही अनेक लंडनमधल्याच १८८५ च्या आगीत गेल्या. ज्या उरल्या, त्यांत भिंतीवर आज न दिसणारे तपशील सापडतात. आजचं छायाचित्र आणि प्रत सरकपट्टीने ताडून बघता यावी. फक्त प्रत कुणाची, कधीची, हे तिथेच लिहा.

रंग मात्र सॉफ्टवेअरने 'उजळू' नका. निजामाच्या काळात इटालियन तज्ज्ञांनी लावलेलं लाखेचं व्हार्निश पिवळं पडलंय. खाली मूळ छटा नेमकी कोणती, हे अंदाजाने ठरवू नये.