मदत हवी आहे: अपक्ष अर्जावरचे सूचकांचे अंगठे

राजापूर मतदारसंघातून आमच्याकडचे एक निवृत्त पत्रकार विधानसभेला अपक्ष उभे राहतायत. नाव मुंबईच्या मतदार यादीत, म्हणून तिथल्या नोंदीची प्रमाणित प्रत काढलीय. 10,000 रुपये अनामत, नमुना 26 चं प्रतिज्ञापत्र (मालमत्ता, गुन्हे वगैरेची माहिती; एकही रकाना कोरा नाही), खर्चाचं स्वतंत्र बँक खातं, सगळं तयार.

अडलंय 10 सूचकांपाशी, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदारांपाशी. सगळे इथलेच मतदार, मतदार यादीतले भाग क्रमांक-अनुक्रमांक ताडलेत. पण नाटे बंदरावरचे दोन म्हातारे खलाशी अंगठा लावतात, आणि तो अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो. एक सूचक बाद झाला तर अख्खा अर्ज जातो. त्यांना बदला म्हणू नका. मच्छीमारांच्या प्रश्नांवरच ही निवडणूक लढायची आहे. अर्ज भरताना निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात उमेदवारासोबत चौघांनाच सोडतात. मग हे अंगठे आधीच साक्षांकित करून घेता येतात का, आणि कोणत्या अधिकाऱ्यासमोर?